विश्लेषण : माग धडधाकट, पण स्क्रीन बंद… कबनूरच्या आधुनिक मागाचे भवितव्य ‘कर्नल मॉड्यूल’वर का अवलंबून?

इचलकरंजी-कबनूर परिसरात साध्या यंत्रमागांच्या शेजारी रॅपियर आणि एअरजेट माग उभे राहिले आहेत. या मागांत लोखंडाइतकेच महत्त्व आतल्या संगणकाला आहे. तो संगणक आणि मागाचे सुटे भाग यांच्यात दुवा साधणारी छोटीशी फाइल म्हणजे ‘कर्नल मॉड्यूल’. ही फाइल कशी तयार होते, यंत्रात कशी बसते आणि ती नव्याने तयार करण्याची कृती कोणाच्या हातात असते, यावर यंत्राचे आयुष्य ठरू लागले आहे. युरोपीय महासंघाच्या नव्या कायद्यामुळे हा विषय यंत्र उत्पादकांच्याही ऐरणीवर आला आहे.

कबनूरचा या विषयाशी संबंध काय?

हातकणंगले तालुक्यातील कबनूर इचलकरंजीला अगदी लागून आहे. कापड व्यवसायाच्या दृष्टीने दोन्हींची हद्द शोधूनही सापडत नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे या शहराला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ अशी ओळख मिळाली आणि मागांचा खडखडाट आसपासच्या गावांत पसरला. धोट्यावर चालणाऱ्या साध्या मागाची दुरुस्ती गावातच होते. जॉबर पाना घेऊन येतो, भाग झिजला असेल तर स्थानिक वर्कशॉपमध्ये तसाच घडवून घेतो आणि माग पुन्हा सुरू होतो. तीस-चाळीस वर्षे जुने माग आजही चालतात, ते या दुरुस्तीच्या जोरावर.

केंद्र सरकारने १९९९ मध्ये वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली. तिचे सुधारित रूप २०१६ ते मार्च २०२२ या काळात लागू होते. या अनुदानाच्या आधाराने आणि परदेशातून येणाऱ्या वापरलेल्या यंत्रांमुळे धोटाविरहित मागांकडे वळणे अनेकांना शक्य झाले. अशा मागात ताण्याचा ताण राखणे, कापड गुंडाळणे, बाण्याचा रंग निवडणे, धागा तुटताच माग थांबवणे ही कामे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतात. पुढच्या बाजूला टचस्क्रीन असते आणि आत एक छोटा संगणक. अशा विशिष्ट कामासाठी यंत्रातच बसवलेल्या संगणकाला ‘एम्बेडेड सिस्टीम’ म्हणतात.

आर्थिक परिणाम साध्या हिशेबानेही कळतो. मिनिटाला ६०० पिक टाकणारा माग अखंड चालला तर २४ तासांत ८ लाख ६४ हजार पिक होतात. इंचाला ६० पिक धरले तर ते सुमारे ३६५ मीटर कापड झाले. प्रत्यक्षात माग अधूनमधून थांबतो, त्यामुळे आकडा कमी होतो. पण स्क्रीनच बंद पडून माग आठवडाभर उभा राहिला तर पिकावर मजुरी घेणाऱ्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचे नुकसान किती, याचा अंदाज येतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

प्रत्येक मागातील संगणक लिनक्स या कार्यप्रणालीवरच चालतो, असे नाही. काही उत्पादक स्वतःची किंवा अन्य कंपन्यांची कार्यप्रणाली वापरतात. परंतु औद्योगिक नियंत्रक, वायफाय राउटर, सेट-टॉप बॉक्स, मोटारीतील स्क्रीन अशा असंख्य यंत्रांत लिनक्स आहे. तिची रचना खुली असल्याने हा प्रश्न तिच्याच आधारे समजून घेणे सोपे जाते.

कर्नल आणि मॉड्यूल म्हणजे नेमके काय?

या कर्नलचा लष्करातील कर्नलशी संबंध नाही. कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी कोणत्या प्रोग्रामला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कसा वाटायचा, स्क्रीन, सेन्सर, मोटर, नेटवर्क यांच्याशी कसे बोलायचे, हे सगळे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलचा सोर्स कोड २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी ओळींपर्यंत पोहोचला. त्यातील मोठा वाटा ड्रायव्हरचा, म्हणजे वेगवेगळ्या सुट्या भागांशी बोलणाऱ्या प्रोग्रामचा आहे.

एवढे सगळे ड्रायव्हर प्रत्येक यंत्रात भरणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. म्हणून ड्रायव्हर स्वतंत्र फाइलच्या रूपात ठेवून गरजेनुसार चालू कर्नलला जोडण्याची सोय आहे. या फाइलला मॉड्यूल म्हणतात. लिनक्समध्ये ही सोय १९९५ च्या सुमारास रुळली. यंत्रमागाच्या भाषेत सांगायचे तर माग तोच असतो, त्यावर डॉबी चढवली की वेगळी वीण काढता येते. मात्र ती डॉबी त्या मागाच्या मापाची असावी लागते. मॉड्यूलचेही तसेच आहे आणि पुढच्या बहुतेक अडचणी या ‘मापा’तूनच निर्माण होतात.

हे मोबाइलमध्येही घडते का?

होय. अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स कर्नलच आहे. पूर्वी प्रत्येक चिप उत्पादक आणि फोन कंपनी कर्नलमध्ये स्वतःचे बदल करून तो वेगळा ठेवत असे. त्यामुळे गूगलने सुरक्षेची दुरुस्ती दिली, तरी ती प्रत्येक मॉडेलपर्यंत पोहोचायला फार वेळ लागे. अनेक फोन दोन-तीन वर्षांतच अपडेटविना राहत.

यावर उपाय म्हणून अँड्रॉइड १२ आणि कर्नल ५.१० पासून नव्या फोनसाठी सामाईक कर्नलची पद्धत आली. गाभा गूगलने तयार केलेला असतो आणि कॅमेरा, टचस्क्रीन, चार्जिंग यांचे कंपनीनिहाय ड्रायव्हर स्वतंत्र मॉड्यूल म्हणून वेगळ्या विभागात ठेवले जातात. काही कंपन्या आता सात वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन देतात, त्यामागील तांत्रिक तयारीचा हा एक भाग आहे. मागाच्या बाबतीत मात्र अपेक्षा सात वर्षांची नसते. पंधरा-वीस वर्षे यंत्र चालावे, हे गृहीत धरूनच ते घेतले जाते.

मॉड्यूल तयार कसे होते?

घरच्या संगणकावर प्रोग्राम तिथेच तयार होऊन तिथेच चालतो. मागातील संगणकाला इतकी ताकद नसते. त्याची मेमरी कमी, साठवण मोजकी आणि प्रोसेसर बहुधा एआरएम प्रकारचा असतो. त्यामुळे काम उलटे होते. मोठ्या संगणकावर छोट्या संगणकासाठीचा कोड तयार केला जातो. याला ‘क्रॉस कम्पायलिंग’ म्हणतात.

हे काम हाताने करायचे तर कम्पायलर, कर्नल, शेकडो लायब्ररी आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. ती जबाबदारी ‘बिल्ड सिस्टीम’ घेते. ‘यॉक्टो’ हा लिनक्स फाउंडेशनने २०१० मध्ये जाहीर केलेला प्रकल्प, तुलनेने साधी ‘बिल्डरूट’ आणि राउटरसाठीची ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही त्यातील प्रमुख नावे. यॉक्टोमध्ये प्रत्येक घटकाची एक ‘रेसिपी’ असते. सोर्स कोड कुठून आणायचा, त्यावर कोणते बदल चढवायचे, परवाना कोणता, तो कसा तयार करायचा आणि तयार झालेली फाइल कुठे ठेवायची, हे त्यात लिहिलेले असते. ‘बिटबेक’ नावाचे साधन या रेसिपी क्रमाने राबवते आणि शेवटी यंत्रात भरण्याजोगी पूर्ण प्रतिमा, म्हणजे ‘इमेज’, तयार होते.

मॉड्यूलचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आधीपासून असतो, फक्त तो निवडायचा असतो. उदाहरणार्थ, कबनूरमधील एखाद्या तंत्रज्ञाने जुन्या मागावर पिक मोजणारा सेन्सर आणि छोटा संगणक बसवायचे ठरवले, असे समजू. सेन्सरकडून येणारे ठोके मोजणारा सर्वसाधारण ड्रायव्हर लिनक्समध्ये तयार आहे. त्याने नवे काही लिहिण्याची गरज नाही. कर्नलच्या निवड-यादीत त्या पर्यायासमोर ‘एम’ ही खूण केली की ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून तयार होतो. ‘वाय’ निवडले तर तो गाभ्यातच मिसळून जातो.

दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हर मूळ कर्नलबाहेर असतो. मागाच्या उत्पादकाने खास तयार केलेल्या कार्डसाठीचा ड्रायव्हर हे याचे उदाहरण. त्यासाठी वेगळी रेसिपी लिहावी लागते. यॉक्टोमध्ये ‘मॉड्यूल’ नावाचा तयार वर्ग या रेसिपीला जोडला की हा ड्रायव्हर कोणत्या कर्नलसमोर ठेवून तयार करायचा, हे बिल्ड सिस्टीम सांभाळते. नियम एकच आणि तो काटेकोर आहे. यंत्रात जो कर्नल चालणार आहे, नेमका तोच कर्नल, त्याच निवड-यादीसह समोर हवा.

फाइल तयार झाली, तरी यंत्रात दिसत का नाही?

नवख्या अभियंत्यांना सर्वाधिक सतावणारा हा प्रश्न आहे. तयार होणे आणि बसणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘मॉड्यूल्स इन्स्टॉल’ या टप्प्यात फाइली कर्नलच्या आवृत्तीच्या नावाने असलेल्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. हा टप्पा ठिकाण न सांगता चालवला तर फाइली छोट्या यंत्राऐवजी काम करणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकात जाऊन बसू शकतात. बिल्ड सिस्टीम त्यांना योग्य ठिकाणी, यंत्रासाठी तयार होत असलेल्या फोल्डरमध्ये वळवते.

त्यानंतर यॉक्टो प्रत्येक मॉड्यूलचे स्वतंत्र पॅकेज बनवते. ते पॅकेज अंतिम इमेजच्या यादीत घातले नाही तर मॉड्यूल तयार होऊनही कारखान्यातच पडून राहते. कापड विणून झाले, गाठ बांधून झाली, पण ती गाडीत चढवलीच नाही, अशी ही स्थिती असते. ओपनडब्ल्यूआरटीमध्येही मॉड्यूलची पॅकेजेस वेगळी असतात आणि ती निवडावी लागतात.

पुढची पायरी ‘डेपमॉड’ या साधनाची. कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे आणि कोणत्या सुट्या भागासाठी कोणते मॉड्यूल लागते, याची सूची ते तयार करते. टचस्क्रीनच्या ड्रायव्हरला आधी दुसरे एखादे मॉड्यूल लागत असेल, तर ही सूची पाहून ते आधी चढवले जाते. सूची जुनी असेल तर फाइल असूनही यंत्राला ती सापडत नाही.

शेवटचा भाग आपोआप सुरू होण्याचा. पेनड्राइव्ह लावला की संगणक त्याला ओळखतो, कारण पेनड्राइव्ह स्वतःची ओळख सांगतो. मागाच्या कार्डावर कायमचे जोडलेले अनेक भाग अशी ओळख सांगू शकत नाहीत. म्हणून कार्डावर काय कुठे जोडले आहे, याचा ‘डिव्हाइस ट्री’ नावाचा नकाशा कर्नलला दिला जातो. नकाशातील नाव आणि मॉड्यूलमधील नाव जुळले की ड्रायव्हर चढतो. नकाशा चुकला तर धडधाकट भागही मृत वाटतो. काही मॉड्यूल यंत्र सुरू होतानाच चढवायची, अशी वेगळी यादीही देता येते.

आवृत्ती जुळली नाही तर काय होते?

समजा, कबनूरमधील एका शेडमधील मागाची टचस्क्रीन बिघडली. मूळ पॅनेलचे उत्पादन बंद झाले आहे. बाजारात त्याच मापाचे दुसरे पॅनेल मिळते, पण त्यातील चिप वेगळी आहे. त्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये उपलब्ध आहे. तरीही नव्या कर्नलसाठी तयार केलेली ती फाइल मागातील जुन्या कर्नलवर चढवली, तर बहुधा ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असा संदेश येतो आणि काम तिथेच अडते.

याचे कारण असे की प्रत्येक मॉड्यूलवर त्याच्या कर्नलची आवृत्ती आणि काही महत्त्वाच्या निवडी यांचा शिक्का असतो. चढवताना कर्नल तो तपासतो. शिवाय मॉड्यूल कर्नलमधील जी कार्ये वापरते, त्यांचीही पडताळणी होऊ शकते. लिनक्सच्या विकासकांनी कर्नलच्या आतील रचना बदलण्याचे स्वातंत्र्य स्वतःकडे ठेवले आहे. बाहेरून चालणारे सामान्य प्रोग्राम नव्या कर्नलवर मोडू नयेत, याची काळजी ते कसोशीने घेतात. आतल्या मॉड्यूलबाबत तशी हमी देत नाहीत. मूळ कर्नलमध्ये समाविष्ट झालेला ड्रायव्हर बदलांबरोबर सुधारला जातो. बाहेर ठेवलेला ड्रायव्हर उत्पादकालाच दर वेळी सुधारावा लागतो, आणि उत्पादकाने लक्ष काढून घेतले की तो मागे पडतो.

त्यामुळे जुन्या मागासाठी मॉड्यूल तयार करायचे तर तीन गोष्टी हव्यात. त्याच कर्नलचा सोर्स कोड, त्याची निवड-यादी आणि शक्यतो तोच कम्पायलर. ही सामग्री असेल तर जाणकार अभियंत्याचे काम काही दिवसांत होऊ शकते. ती नसेल तर सारा भर अंदाजावर आणि शेवटी पूर्ण कंट्रोल बॉक्स बदलण्यावर येतो.

कर्नलच्या आयुष्याचाही प्रश्न आहे. दीर्घकालीन आधार मिळणाऱ्या लिनक्स कर्नलचा कालावधी पूर्वी सहा वर्षांपर्यंत होता. तो साधारण दोन वर्षांवर आणण्याची दिशा २०२३ मध्ये जाहीर झाली, कारण जुने कर्नल सांभाळणाऱ्यांवर ताण होता आणि त्यांचा वापरही कमी झाला होता. गरजेनुसार काही आवृत्त्यांना मुदतवाढ मिळते. कारखाने, वीज आणि रेल्वेसारख्या क्षेत्रांसाठी लिनक्स फाउंडेशनचा ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ हा २०१६ पासूनचा प्रकल्प निवडक कर्नल किमान दहा वर्षे सांभाळतो. यॉक्टोच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना चार वर्षे आधार मिळतो. मागाचे आयुष्य या सगळ्या मुदतींपेक्षा मोठे आहे.

चुकीचे मॉड्यूल किती महागात पडू शकते?

मॉड्यूल कर्नलच्या आत, पूर्ण अधिकारानिशी चालते. सामान्य प्रोग्राम बिघडला तर तो एकटा बंद पडतो, मॉड्यूल बिघडले तर संपूर्ण यंत्र कोसळू शकते. १९ जुलै २०२४ रोजी जगाने याचा अनुभव घेतला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा एक भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो. त्याला पाठवलेल्या एका माहिती-फाइलमध्ये २१ नोंदींची अपेक्षा होती, पुरवल्या गेल्या होत्या २०. नसलेली एकविसावी नोंद वाचण्याच्या प्रयत्नात कर्नल कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला. भारतातही काही विमान कंपन्यांना प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

मागात धोका आणखी वेगळा असतो. तिथे संगणकाला जोडून हलणारे लोखंड आणि जवळ उभा कामगार असतो. म्हणूनच ‘कुठूनतरी मिळालेले मॉड्यूल चढवून पाहू’ हा मार्ग सुरक्षित नाही. त्यावर दोन उपाय रूढ आहेत. पहिला, डिजिटल सही. उत्पादक मॉड्यूलवर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. दुसरा, साठवणीत इमेजच्या दोन प्रती ठेवणे. नवी प्रत नीट सुरू झाली नाही तर यंत्र आपोआप जुन्या प्रतीवर परतते.

सहीचा उपाय दुधारी आहे. किल्ली उत्पादकाकडेच असेल आणि त्याने व्यवसाय बंद केला तर वैध दुरुस्तीही अडते. काही वेळा किल्ली बिल्डच्या वेळी आपोआप तयार होते आणि बिल्डचे फोल्डर पुसताना ती नष्ट होते. मग त्या कर्नलसाठी नवे मॉड्यूल उत्पादकालाही देता येत नाही, संपूर्ण इमेजच बदलावी लागते.

सोर्स कोड मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे का?

यंत्रात लिनक्स असेल तर बराच आहे. लिनक्स कर्नल ‘जीपीएल’ परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. या परवान्यानुसार तयार कर्नल यंत्रातून विकणाऱ्याने त्याचा सोर्स कोड देणे किंवा मागितल्यास देण्याची किमान तीन वर्षे वैध असलेली लेखी तयारी दाखवणे बंधनकारक आहे. ती लेखी तयारी पहिल्या ग्राहकापुरती मर्यादित नसते. वापरलेला माग विकत घेणाऱ्यालाही मुदतीत ती लागू पडते. विशेष म्हणजे ‘सोर्स कोड’ या संज्ञेत फक्त कोड येत नाही. तो तयार करण्याचे आणि बसवण्याचे नियंत्रण करणाऱ्या स्क्रिप्टही परवान्याने त्यात धरल्या आहेत. म्हणजे बिल्ड आणि इन्स्टॉलची कृतीही मागता येते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. कापडाची डिझाइन वाचणारा किंवा स्क्रीनवरील मेनू दाखवणारा उत्पादकाचा स्वतंत्र प्रोग्राम या परवान्यात येईलच असे नाही. काही उत्पादक मॉड्यूलही बंदिस्त ठेवतात, त्याच्या वैधतेवर वर्षानुवर्षे वाद आहे. सहीची किल्ली देण्याचे बंधन २००७ मधील तिसऱ्या आवृत्तीने ग्राहकोपयोगी वस्तूंपुरते घातले, पण लिनक्स कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला.

सोर्स कोड हाती आल्यावर काय घडते, याचे गाजलेले उदाहरण लिंक्सिस कंपनीच्या ‘डब्ल्यूआरटी५४जी’ राउटरचे आहे. त्यात लिनक्स असल्याचे लक्षात आल्यावर झालेल्या मागणीमुळे २००३ मध्ये सोर्स कोड खुला झाला. त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांनी सोडून दिलेले अनेक राउटर आज या प्रकल्पामुळे सुरक्षितपणे वापरता येतात. अमेरिकेत ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी’ या संस्थेने २०२१ मध्ये टीव्ही उत्पादक व्हिझिओविरुद्ध खटला दाखल केला. टीव्हीचा ग्राहक म्हणून सोर्स कोड मागण्याचा हक्क आहे, अशी तिची भूमिका आहे.

नवे कायदे काय सांगतात?

युरोपीय महासंघाचा ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ १० डिसेंबर २०२४ रोजी अस्तित्वात आला. प्रत्यक्ष वापरल्या जात असलेल्या सुरक्षा त्रुटी कळवण्याचे बंधन ११ सप्टेंबर २०२६ पासून आणि मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. डिजिटल घटक असलेल्या उत्पादनांना सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा अपडेट द्यावे लागतील. उत्पादनात कोणते सॉफ्टवेअर आहे, याची यादी उत्पादकाने ठेवायची आहे. गंभीर उल्लंघनासाठी दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक तिथपर्यंत दंड होऊ शकतो.

हा कायदा युरोपच्या बाजारात येणाऱ्या उत्पादनांसाठी आहे. तिथून वापरून भारतात आलेल्या जुन्या मागाला त्याचा थेट लाभ नाही. मात्र युरोपात विकणाऱ्या उत्पादकाला आता प्रत्येक मॉड्यूलचा हिशेब ठेवावा लागेल. एकदा तशी बिल्ड व्यवस्था उभी राहिली की भारतीय ग्राहकाला तोच कागद न देण्यासाठी तांत्रिक कारण उरत नाही. युरोपला यंत्रे वा नियंत्रक निर्यात करू पाहणाऱ्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील उद्योगांनाही हे नियम पाळावे लागतील.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यासाठी निवडलेली क्षेत्रे शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी आहेत. यंत्रमाग किंवा औद्योगिक यंत्रे त्यात नाहीत. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरमधील घटकांच्या यादीबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली. पण अनुदानातून घेतलेल्या यंत्राचा विक्रेता दुरुस्तीसाठी लागणारा सोर्स कोड आणि बिल्डची कृती देतो का, हा प्रश्न या दोन्ही चौकटींच्या बाहेरच राहतो.

यंत्रमागधारकांनी काय करावे?

सर्वात उपयुक्त वेळ खरेदीपूर्वीची असते. कोटेशनसोबतच काही प्रश्न लेखी विचारता येतात. कंट्रोलरमध्ये कोणती कार्यप्रणाली आणि कोणत्या आवृत्तीचा कर्नल आहे? अपडेट किती वर्षे मिळतील? लिनक्स असल्यास सोर्स कोड, निवड-यादी आणि बिल्डच्या रेसिपी मिळतील का? सहीची सक्ती असेल, तर उत्पादक बंद पडल्यास किल्लीचे काय? पूर्ण इमेजची प्रत आणि ती पुन्हा भरण्याची पद्धत दिली जाईल का? उत्तर ‘नाही’ असले, तरी किमतीच्या वाटाघाटीत त्याचा उपयोग होतो.

जुना माग असेल तर तो चालू असतानाच इमेज आणि सेटिंगची प्रत अधिकृत तंत्रज्ञाकडून काढून ठेवणे हितावह आहे. यंत्र बंद पडल्यानंतर ती निघेलच याची खात्री नसते. एकाच मॉडेलचे माग असलेल्या धारकांनी मिळून अशी प्रत, सुटे कार्ड आणि उत्पादकाशी झालेला पत्रव्यवहार सांभाळला तर खर्च वाटला जातो. पत्राला एकट्या खर्चीवाल्यापेक्षा संघटनेच्या नावाने अधिक वजन येते.

मनुष्यबळाचाही विचार हवा. इचलकरंजीत वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीचे एकत्र शिक्षण देणारी ‘डीकेटीई’ ही संस्था १९८२ पासून आहे. मागाची जाण आणि एम्बेडेड लिनक्सची जाण एका ठिकाणी येण्यास असा परिसर अनुकूल आहे. बिल्डरूट वा यॉक्टोवर सराव करण्यासाठी सर्वसाधारण संगणक, एक स्वस्त बोर्ड आणि इंटरनेट पुरते. ही साधने मोफत आहेत.

जॉबरच्या हातातील पाना गेली शंभर वर्षे या परिसराची ताकद ठरला, कारण मागाचा प्रत्येक भाग उघडता येत होता. संगणक असलेल्या मागाबाबत तीच मोकळीक मिळवायची तर त्याची मागणी खरेदीच्या करारात आणि अनुदानाच्या अटींत लिहावी लागेल. राज्याचे २०२३ ते २०२८ या काळाचे वस्त्रोद्योग धोरण लागू असतानाच ही मागणी पुढे आली तर पुढच्या धोरणात तिला जागा मिळण्याची शक्यता वाढेल.